युरोपातली सरकारी टेंडरं : पुण्यातल्या लघुउद्योजकाने सुरुवात कुठून करावी?

जलवाहिनी :

भारत-युरोपीय संघ मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालं. तेव्हापासून भोसरी, चाकण, पिरंगुट भागातले ओळखीचे कारखानदार एकच गोष्ट विचारताहेत : तिकडची सरकारी टेंडरं आता आपल्याला भरता येतील का? फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहितो. मी व्हॉल्व्हच्या निर्यातीचं काम बघतो, त्यामुळे उदाहरणं त्याच धंद्यातली येतील. आयटी, मेडिकल, फास्टनरवाल्यांनी आपापली भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेंडर भरायला शिकण्याआधी टेंडर कुणाला मिळालं हे वाचायला शिका. का, ते पुढे येईलच.

युरोपीय आयोगाच्या आकड्यांनुसार संघातल्या अडीच लाखांवर सरकारी संस्था दरवर्षी जीडीपीच्या सुमारे १४ टक्के रक्कम खरेदीवर खर्च करतात. नगरपालिका, पाणी कंपन्या, रेल्वे, दवाखाने, विद्यापीठं, सगळे त्यात आले. ठरावीक रकमेवरच्या खरेदीची सूचना ‘टेड’ म्हणजे टेंडर्स इलेक्ट्रॉनिक डेली या संकेतस्थळावर द्यावीच लागते. २०२६-२७ साठी ही मर्यादा केंद्र सरकारच्या खात्यांना १ लाख ४० हजार युरो, नगरपालिका वगैरेंना २ लाख १६ हजार, पाणी-वीज-वाहतूक कंपन्यांना ४ लाख ३२ हजार आणि बांधकामाला ५४ लाख ४ हजार युरो आहे. त्याखालची कामं त्या त्या देशाच्या पोर्टलवर येतात. नेदरलँड्सचं टेंडरनेड, आयर्लंडचं ई-टेंडर्स, फ्रान्सचं बोआंप, अशी प्रत्येकाची वेगळी. टेड बघायला एक पैसा लागत नाही, आणि सूचनेचा सारांश चोवीस भाषांत मिळतो.

शोधताना शब्दांच्या मागे लागू नका, सीपीव्ही कोड, म्हणजे युरोपीय सरकारी खरेदीतला मालाचा ठरलेला क्रमांक, वापरा. पंपांना ४२१२२०००, नळ आणि व्हॉल्व्हना ४२१३००००, आयटी सेवांना ७२००००००. आपला निर्यातीचा एचएस कोड जसा पाठ असतो तसा हा कोड पाठ झाला की पोलिश सूचना असो की फिनिश, ती तुमच्यासमोर येतेच.

आता दाराबद्दल. जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदीचा एक करार आहे, जीपीए. त्याच्या सदस्य देशांतल्या कंपन्यांना युरोपात स्थानिकांसारखी वागणूक मिळते. भारत २०१० पासून त्यात निरीक्षक आहे, सदस्य नाही. म्हणजे आपल्याला हक्क नाही. क्रोएशियातल्या रेल्वेकामावरून एका तुर्की कंपनीने भांडण नेलं होतं. त्या ‘कोलिन’ प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०२४ ला स्पष्ट सांगितलं की करार नसलेल्या देशातल्या कंपनीला समान वागणूक मागता येत नाही. तिला आत घ्यायचं की नाही हे खरेदी करणारी संस्था ठरवेल. म्हणजे बंदी नाही, पण हमीही नाही.

आणि मुक्त व्यापार करार झाला म्हणजे सरकारी खरेदी खुली झाली असं कृपया समजू नका. कस्टम ड्युटी हा एक विषय, सरकारी खरेदी हा दुसरा. खरेदीसाठी करारात स्वतंत्र प्रकरण आणि कोणती खाती खुली त्यांची यादी लागते. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या करारात असं प्रकरण आहे. पण ब्रिटन आता संघात नाही, त्यांचं ‘फाइंड अ टेंडर’ पोर्टलही वेगळं. ड्युटीचं म्हणाल तर करार लागू होईपर्यंत जुनाच दर. माल निघेल त्या दिवशी काय लागू आहे ते सीएचएकडून, म्हणजे कस्टम एजंटकडून, खात्री करून घ्या.

पिरंगुट_फाउंड्री :

दादा, फार उपयोगी लिहिलंत. आमच्याकडे एक सल्लागार येऊन गेले. ‘युरोपियन युनियन व्हेंडर रजिस्ट्रेशन’ करून देतो, मग टेंडरं आपोआप येतील, असं म्हणाले आणि मोठी रक्कम सांगितली. असं काही रजिस्ट्रेशन असतं का? वडील पैसे द्यायला तयार झालेत.

जलवाहिनी :

वडिलांना थांबवा. सगळ्या युरोपसाठी एकच व्हेंडर रजिस्ट्रेशन नावाची गोष्ट नाही. असतं ते एवढंच : प्रत्येक पोर्टलवर खातं उघडायचं, ते बहुतेक ठिकाणी फुकट आहे. पाणी-वीज-रेल्वे कंपन्यांपैकी काहींची स्वतःची पात्रता यादी असते, तीही टेडवर जाहीर होते आणि अर्ज थेट त्या कंपनीकडे करायचा. आणि टेंडर भरताना ईएसपीडी नावाचं स्वयंघोषणापत्र द्यायचं. आपल्याकडे सरकारी टेंडरला पहिल्याच दिवशी फाइलभर नोटराइज्ड कागद जोडावे लागतात. तिकडे घोषणापत्रावर भागतं, मूळ दाखले बहुतेक वेळा ज्याला काम मिळणार त्याच्याकडूनच घेतात. ईएसपीडी कुणी तुमच्या वतीने ‘मिळवून’ देत नाही, तो तुमचा तुम्हीच भरायचा.

अनुवादक_कर्वेनगर :

मी जर्मन तांत्रिक कागदपत्रांचं भाषांतर करते, त्या बाजूने लिहिते.

टेडवरचा सारांश मराठी माणसाला इंग्रजीत वाचता येतो, म्हणून टेंडरही इंग्रजीत भरता येईल असं वाटतं. सूचनेत निविदा कोणत्या भाषेत द्यायची याची स्वतंत्र ओळ असते. तिथे जर्मन लिहिलं असेल तर जर्मनच. मूळ कागदपत्रं, प्रश्नोत्तरं, करार, सगळं जर्मन. आयर्लंड आणि माल्टात इंग्रजी चालतं, नॉर्डिक देशांत काही टेंडरं इंग्रजी घेतात, बाकी ठिकाणी सरसकट अपेक्षा ठेवू नका.

मुदत बघा. खुल्या पद्धतीत साधारण किमान ३५ दिवस, ऑनलाइन भरायचं असेल तर ३० पर्यंत खाली येते. लोक माझ्याकडे येतात तेव्हा शेवटचा आठवडा उरलेला असतो. तेवढ्यात दोनशे पानांचं स्पेसिफिकेशन जबाबदारीने भाषांतरित होत नाही, आणि मशिनने केलेल्या भाषांतरावर बँक गॅरंटीची कलमं मान्य करणं धोक्याचं आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनात पिढ्यान् पिढ्या जर्मन शिकवली जातेय, त्यामुळे पुण्यात जर्मन येणारी माणसं मिळणं अवघड नाही. कायम निर्यात करणार असाल तर एखादी मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवा आणि त्यांना शॉपफ्लोअरवर सहा महिने फिरू द्या. गास्केट म्हणजे काय हे ज्याने हातात घेऊन पाहिलंय त्याचं भाषांतर वेगळंच येतं.

कोडवाला_हिंजवडी :

मला धाग्याचा सूर जरा जास्तच बिचकलेला वाटतोय. आयटीवाले वर्षानुवर्षं युरोपीय सरकारांची कामं करताहेत. मार्ग सरळ आहे : डब्लिन, ॲमस्टरडॅम किंवा वॉर्सात उपकंपनी काढायची. ती युरोपीय कंपनीच असते, मग जीपीएचा प्रश्नच उरत नाही. उलाढालीची अटही अवाजवी नाही. कायद्यानेच साधारणपणे कंत्राटाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त वार्षिक उलाढाल मागता येत नाही. आणि उपकंपनी नवी असली तरी पुण्याच्या मूळ कंपनीचा अनुभव आधार म्हणून दाखवता येतो.

फक्त डेटाचं बघावं लागतं. नागरिकांची माहिती असेल तर जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षणाचा नियम लागतो आणि भारतातून तिला हात लावायचा तर मानक करारकलमं, डेटा कुठे राहणार, कोण बघणार, सगळं लिहून द्यावं लागतं. बऱ्याच संस्था ‘डेटा संघाबाहेर जाणार नाही’ अशीच अट टाकतात. मग हिंजवडीतून टेस्टिंग तेवढं होतं, प्रॉडक्शनला हात नाही.

सीए_सदाशिव :

कोडवाला यांचं आयटीपुरतं बरोबर आहे, पण पंचवीस-तीस कोटींच्या कारखान्याला मी हा सल्ला देणार नाही, निदान पहिल्या दोन वर्षांत तरी नाही. तिथला अकाउंटंट, व्हॅट, संचालक, बँक खातं उघडण्याची यातायात, शिवाय इथून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांचं पालन आणि वर्षाचा अहवाल. ऑर्डर नसताना हा खर्च छातीवर बसतो. ऑर्डर आधी, कंपनी नंतर.

सबसिडीचं कुणी तरी विचारेलच. युरोपचा परदेशी सबसिडी नियम ऑक्टोबर २०२३ पासून टेंडरांना लागू आहे, पण आधी कळवण्याचं बंधन २५ कोटी युरो किंवा त्याहून मोठ्या कंत्राटांना आहे. आपल्यासारख्यांनी त्याची झोप उडवून घेऊ नये.

बँक गॅरंटीकडे मात्र लक्ष द्या. तिकडच्या संस्थेला अनेकदा युरोपीय बँकेची गॅरंटी हवी असते. मग आपली बँक काउंटर गॅरंटी देते, तिकडची बँक तिच्यावर स्वतःची गॅरंटी काढते, दोन्हीकडे कमिशन. किंमत लावताना हे धरलं नाही तर नफा तिथेच जातो. पैसे मिळण्याची बाजू त्या मानाने बरी आहे. सरकारी संस्थांनी ३० दिवसांत, आरोग्यसेवेत फार तर ६० दिवसांत बिल द्यावं असा २०११ चा नियम आहे, उशीर झाला तर युरोपीय केंद्रीय बँकेच्या दरावर आठ टक्के व्याज. खासगी ठेकेदाराला माल देत असाल तर ईसीजीसीचं, म्हणजे आपल्या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं, कव्हर घ्याच.

जलवाहिनी :

आता मूळ मुद्द्यावर येतो. कंत्राट दिल्यावर संस्थेला ३० दिवसांत निकालाची सूचना टेडवर पाठवावी लागते. तिच्यात बहुतेक वेळा विजेत्या कंपनीचं नाव, गाव, रक्कम, किती निविदा आल्या, आणि काही वेळा कामाचा किती भाग दुसऱ्याकडून करून घेणार हेही असतं. आपल्याकडे ही माहिती काढायला बऱ्याचदा माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो. तिकडे ती कुणालाही फुकट वाचता येते, आणि आपण ती वाचत नाही.

उदाहरण घ्या. एका मध्यम शहराच्या पाणी कंपनीने गेट व्हॉल्व्ह आणि हायड्रंटचा चार वर्षांचा फ्रेमवर्क करार, म्हणजे लागेल तसा माल मागवायचा करार, दिला. काम लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भागांत, तोडता येतं, आणि हे तीन लॉटमध्ये आहे. पहिल्या लॉटला पाच निविदा, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला एकच. मी तिसऱ्या लॉटपाशी थांबतो. एकच निविदा आली म्हणजे त्या मापाचा, त्या अटींचा माल देणारं तिथे फारसं कुणी नाही. विजेता पुढची चार वर्षं तो माल कुठून तरी आणणार आहे. त्याच्या वेबसाइटवर बघायचं : स्वतःची फाउंड्री आहे की नुसतं असेंब्ली आणि गोदाम? गोदामच असेल तर तो आपला ग्राहक.

त्याला पाठवायच्या मेलमध्ये ‘वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर’ नको. कंत्राटाचा क्रमांक, लॉट, डीएन आणि पीएन (व्यास आणि दाब), आपलं ड्रॉइंग, ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ चा, म्हणजे धातूच्या तपासणीचा, एक खरा दाखला, ज्यात हीट नंबर (भट्टीतल्या त्या ओतीचा क्रमांक) कास्टिंगवरच्या नंबराशी जुळतो. पिण्याच्या पाण्याशी माल लागणार असेल तर रबर आणि कोटिंगच्या मान्यता, जर्मनीसाठी बहुधा डीव्हीजीडब्ल्यू या तिथल्या गॅस-पाणी संस्थेची मान्यता विचारतील. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या साहित्याचे युरोपभर समान नियम ३१ डिसेंबर २०२६ पासून लागू व्हायचे आहेत, तेव्हा कोटिंग पुरवठादाराला आजच विचारा की त्याची तयारी कुठवर आली. किंमत डीएपी द्या, म्हणजे माल तिकडे पोचवेपर्यंतची, आयात ड्युटी सोडून. डीडीपी, म्हणजे ड्युटीसकट, कबूल केलंत तर तिकडची आयात तुमच्या डोक्यावर.

आणखी एक कलम, जे आमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाणी-वीज-वाहतूक कंपन्यांसाठीच्या २०१४ च्या निर्देशाचं कलम ८५. मालपुरवठ्याच्या निविदेत सरकारी खरेदीचा करार नसलेल्या देशांचा माल किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर ती निविदा नाकारता येते. नाकारली नाही तरी दोन निविदा तुल्यबळ ठरल्या आणि किमतीतला फरक तीन टक्क्यांच्या आत असला तर अशा निविदेला मागे ठेवावं लागतं. म्हणजे युरोपीय विजेता असला तरी त्याच्या निविदेत आपला माल किती हे मोजलं जातं. म्हणून त्याच्याशी बोलताना हे आपणच काढायचं : बॉडी आणि बॉनेट पुण्याहून, ॲक्च्युएटर आणि सील तुमच्याकडचे, टेस्टिंग तुमच्याकडे, असं धरलं तर आमचा वाटा निम्म्याखाली राहतो. हे वाक्य ऐकल्यावर समोरचा खरेदी अधिकारी आपल्याशी वेगळ्या आदराने बोलतो, कारण त्याची अडचण आपण त्याच्याआधी ओळखलेली असते. बांधकामाच्या कंत्राटाला हे कलम लागत नाही, त्यामुळे पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदारांकडेही जरूर जा.

कोडवाला_हिंजवडी :

कलम ८५ माहीत नव्हतं, आभार. पण दादा, असं केलं तर आपण कायम दुसऱ्याच्या नावाखालीच राहणार ना? मलई तो खाणार, नाव त्याचं, आणि उद्या तो तुर्कस्तानातून घेईल.

जलवाहिनी :

खाईल, आणि सोडूनही जाईल. ही भीती खरी आहे. पण टेंडरमध्ये ‘मागच्या तीन वर्षांत अशाच प्रकारचा पुरवठा केल्याचे संदर्भ’ मागतात, आणि युरोपातल्या पाइपलाइनमध्ये आपला माल बसलेला नसेल तर तो रकाना रिकामा राहतो. ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घ्या की माल कुठल्या शहरात बसला ते तो लेखी कळवेल आणि संदर्भ म्हणून वापरू देईल. कास्टिंगवर आपला मार्क ठेवण्याचा आग्रह धरा. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण हे दोन मुद्दे सोडू नका. पुढे त्याच्याबरोबर कन्सॉर्शियममध्ये निविदा भरता येते, किंवा त्याच्या निविदेत नावानिशी उपपुरवठादार म्हणून जाता येतं. ‘कोलिन’नंतर एकट्या भारतीय कंपनीने दार ठोठावण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

चाकण_फास्टनर :

बोल्ट, नट, स्क्रूवाल्यांसाठी : तुमचा माल एचएस ७३१८ मध्ये येतो आणि तो सीबॅममध्ये, म्हणजे युरोपच्या आयातीवरच्या कार्बन शुल्कात, आहे. १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब सुरू झाला. वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, पण ती आयातदाराच्या एकूण मालावर मोजतात, तुमच्या एकट्याच्या नाही. २०२६ च्या मालाचा हिशोब त्याला सप्टेंबर २०२७ अखेर द्यायचा आहे. उत्सर्जनाचे खरे आकडे आपण दिले नाहीत तर तो सरासरीपेक्षा चढे ठरीव आकडे धरतो आणि त्याचा फरक आपल्या भावातून कापायला बघतो. वायर रॉड ज्या स्टील प्लांटचा, तिथलेच आकडे लागतात. ट्रेडरकडून रॉड घेणाऱ्यांनी आताच मागणी लावून धरा, टीसीबरोबर (टेस्ट सर्टिफिकेट) हाही कागद हवा म्हणून. आम्ही खरेदीच्या पीओमध्येच ती अट छापून टाकली आहे.

पिरंगुट_फाउंड्री :

आमचं कास्टिंग ७३२५ मध्ये जातं. सीबॅम लागतं का?

चाकण_फास्टनर :

सध्याच्या यादीत ७३१८ आणि ७३२६ आहेत, ७३२५ नाही. पण यादी वाढवण्याचा प्रस्ताव आयोगाने मांडलेला आहे, आणि मोठे ग्राहक यादीत नसलेल्या मालाचेही आकडे विचारायला लागलेत. भट्टीची वीज आणि कोक यांची नोंद हीटनिहाय ठेवायला सुरुवात करा, पुढे कामाला येईल.

मेडिकल_डिव्हाइस_वाकड :

आमच्या क्षेत्राचं थोडक्यात. २०२१ पासून एमडीआर हा वैद्यकीय उपकरणांचा युरोपीय नियम लागू आहे. त्याचं सीई चिन्ह आणि संघातला अधिकृत प्रतिनिधी या दोन्हीशिवाय दवाखान्याच्या टेंडरात पहिल्या पानावरच बाद होता. जून २०२५ मध्ये संघाने ५० लाख युरोंवरच्या वैद्यकीय उपकरणांच्या टेंडरांतून चिनी कंपन्यांना बाहेर ठेवलं आणि जिंकणाऱ्यालाही चिनी माल निम्म्यापर्यंतच वापरता येतो. त्यामुळे युरोपीय वितरक दुसरीकडचे उत्पादक शोधताहेत. ज्यांच्याकडे एमडीआरचं सर्टिफिकेट तयार आहे त्यांनी वेळ घालवू नये. नसेल तर आधी ते. ते सर्टिफिकेट देणाऱ्या नोटिफाइड बॉडीकडची रांग लांब आहे.

मशिनवाल्यांनाही सांगते : जुन्या मशिनरी निर्देशाच्या जागी नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागतोय. २०२७ च्या डिलिव्हरीचं कोटेशन देताना सीईचं घोषणापत्र नव्या नियमाप्रमाणे लागेल हे धरा.

अनुवादक_कर्वेनगर :

सहीचं राहिलं. काही पोर्टलांवर निविदेला युरोपीय ‘क्वालिफाइड’ इलेक्ट्रॉनिक सही लागते. आपली इथली डीएससी, म्हणजे डिजिटल सही, तिथे चालत नाही. युरोपच्या विश्वासार्ह यादीतल्या सेवादात्याकडून ती घ्यावी लागते, ओळख पटवण्यात दिवस जातात. टेंडर निवडण्याआधीच ही व्यवस्था करून ठेवा.

पिरंगुट_फाउंड्री :

वडिलांना धागा वाचून दाखवला. सल्लागारांना नाही कळवलंय. आज ४२१३०००० टाकून निकालाच्या सूचना उघडल्या, पोलंड आणि ऑस्ट्रियातल्या सहा कंपन्यांची नावं काढलीत. दोघांची स्वतःची फाउंड्री दिसत नाही. दादा, ड्रॉइंग आणि ३.१ चा दाखला पाठवण्याआधी एकदा बघून द्याल का? ग्राहकाचं नाव आणि भाव झाकून टाकेन.

जलवाहिनी :

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दाखल्यावर मेकॅनिकल टेस्टचा तुकडा त्याच हीटचा आहे ना ते आधी तुमच्या लॅबमधून तपासून घ्या, तिकडचे लोक सर्वांत आधी तेच जुळवून बघतात. आणि एमसीसीआयए (मराठा चेंबर) किंवा इंडो-जर्मन चेंबरच्या इथल्या ऑफिसात एकदा जाऊन या. त्या दोन कंपन्यांबद्दल तिथे कुणाला काही माहिती असेल तर मेलआधी कळलेलं बरं.